चढावरचा गचका

३ मार्च, मंगळवार

आज पुन्हा! तिसऱ्यांदा. पाण्याच्या टाकीकडच्या चढावर पुढचा ट्रक थांबला, आम्ही थांबलो, ट्रक निघाला — आणि आमची गाडी नुसती घुरघुरत जागच्या जागी. ह्यांनी पाय दिलेला, इंजिन ओरडतंय, गाडी हलायचं नाव नाही. मागच्याने हॉर्न मारला. आणि मग एकदम असा गचका की माझी पर्स मांडीवरून खाली, चष्मा नाकावरून खाली. चढ संपल्यावर हे एवढंच म्हणाले की दुसरा पडताना सुटतोय. म्हणजे गियर. ऑटोमॅटिक गाडीत कुठला गियर कधी पडतो ते तुम्हाला कसं कळतं, मी विचारलं. म्हणे, बुडाला कळतं.

तीस वर्षं लोकांना गाडी शिकवलेल्या माणसाचं बूड ते!

५ मार्च, गुरुवार

सर्व्हिस सेंटरला जाऊन आलो. काचेचं थंडगार दालन, कॉफीचं मशीन, गुबगुबीत सोफे. तिथल्या सल्लागाराच्या गळ्यात टाय, हातात टॅब्लेट आणि चेहऱ्यावर न मावळणारं हसू. मी त्याचं नाव टायवाला ठेवलं आहे. हे बिचारे सगळं नीट सांगत होते — चढ केवढा, किती वेळ थांबलो होतो, गाडी किती चाललेली होती. टायवाला मान डोलवत होता आणि टॅब्लेटवर टिचक्या मारत होता. मग त्यांचा एक ड्रायव्हर गाडी घेऊन गेला आणि दहा मिनिटांत परत आला. गाडी ओके! स्कॅनर लावला, त्यातही काही नाही. टायवाला म्हणाला, असं कधी कधी होतं ते जरा लिहून ठेवा ना सर.

लिहून ठेवा! चौतीस वर्षं वॉर्डात काढली मी. ताप, नाडी, सलाइन, लघवी — दर चार तासांनी चार्ट भरत म्हातारी झाले. घरी आल्या आल्या एक कोरी वही काढली आणि पट्टीने रकाने आखले. तारीख. वेळ. जागा. चढ की सपाट. गाडी गार की तापलेली. कोण चालवत होतं. ह्यांनी चष्मा वर करून बघितलं. म्हणाले, सिस्टरबाईंनी पेशंटला भरती करून घेतलं वाटतं.

मला सिस्टर म्हणतात ते खुशीत असले की. म्हणजे अजून फार मनावर घेतलेलं नाही.

८ मार्च, रविवार

रविवार म्हणजे गाडीची आंघोळ. दोन बादल्या, तीन फडकी — एक अंगाला, एक काचांना, एक चाकांना, आणि फडक्यांची अदलाबदल झाली तर माझी धडगत नाही. मग चारी चाकांची हवा. मग बॉनेट उघडून अर्धा तास नुसतं बघत उभं राहणं. गाडीतलं काय बघता एवढं, मी दरवेळी विचारते. आवाज बघतो, म्हणतात.

दोन वर्षं झाली गाडी घेऊन. शिकवणी बंद केली त्याच महिन्यात घेतली. मी म्हणत होते, दोघांना एवढी मोठी, उंच गाडी कशाला. ह्यांचं उत्तर तयार होतं — जन्मभर छोट्या गाडीत शेजारच्या सीटवर बसलो, दुसऱ्याच्या हाताखाली जीव मुठीत धरून. आता मोठ्या गाडीत स्टिअरिंगवर बसणार. उंच सीटमुळे माझ्या गुडघ्यांचीही सोय झाली, हे खरं आहे.

ह्यांच्या हाताखाली निम्मं शहर गाडी शिकलं. रस्त्यात कोणीही काच खाली करून "मास्तर" अशी हाक मारतं. आणि हे आधी त्याचा हात स्टिअरिंगवर कुठे आहे ते बघतात, मग तोंड.

१४ मार्च, शनिवार

नोंद चौथी. टाकीचा चढ, दुपारी साडेबारा, तापलेली, हे.

२१ मार्च, शनिवार

गाडी दोन दिवस सर्व्हिस सेंटरला राहून आली. सॉफ्टवेअर नवं टाकलं म्हणे. आता गाडी हळूहळू सरांची पद्धत शिकून घेईल, असं टायवाला म्हणाला. हे घरी येईपर्यंत हसत होते. इतकी माणसं शिकवली, म्हणाले, आता गाडीला शिकवतो. बघू, पास होते का.

२६ मार्च, गुरुवार

नापास. नोंद सातवी. बाजाराच्या मागचा चढ, दुपार, तापलेली, हे. ह्या वेळी गाडी चढावर मागे सरकली. वीतभरच, पण सरकली.

ह्यांचं एकच पालुपद — दुसरा पडताना सुटतोय, तापली की सुटतोय.

२ एप्रिल, गुरुवार

आज सर्व्हिस सेंटरला तिसरी फेरी. ह्यांनी टायवाल्याला सांगितलं, तुमच्यातला सगळ्यात जुना माणूस माझ्या शेजारी बसवा. आतून फोरमन आले. पंचेचाळिशीचे असतील, हात ग्रीसने काळे. ह्यांना बघून तिथेच थबकले. मास्तर, ओळखलंत का, म्हणाले. ह्यांनी लगेच ओळखलं! रिव्हर्समध्ये दोनदा नापास झालेला, रडकुंडीला आलेला शिष्य. ह्यांनी तिसऱ्यांदा धरून बसवला होता परीक्षेला. मला इतकं बरं वाटलं. म्हटलं, आता आपलं माणूस भेटलं, आता सुटलो.

फोरमन शेजारच्या सीटवर बसले, मी मागे. जिथे जन्मभर हे बसले तिथे त्यांचा विद्यार्थी! हे गाडी चालवत होते आणि फोरमन रस्त्याकडे बघतच नव्हते. खाली बघत होते. ह्यांच्या पायांकडे. सेंटरच्या मागच्या रस्त्याला दोन चकरा मारल्या. गाडी शहाण्यासारखी चालली. मग फोरमन म्हणाले, जरा बाजूला घेता का. टायवाल्यासमोर बोलायचं नव्हतं त्यांना, हे मला नंतर कळलं.

म्हणाले, "मास्तर, तुमचा डावा पाय ब्रेकवर असतो."

हे म्हणाले, छे. आणि तिघांनीही खाली बघितलं. डावा पाय ब्रेकवर होता.

मग त्यांनी समजावून सांगितलं, मान खाली घालूनच. शिकवण्याच्या गाडीत मास्तरच्या बाजूलाही क्लच-ब्रेक असतात. तीस वर्षं दोन्ही पाय अधांतरी तयार — शिकणारा चुकला की दाब. ते पाय आता स्वस्थ बसत नाहीत. ह्या गाडीत क्लच नाही, मग डावा पाय ब्रेकवर जाऊन बसतो आणि उजवा अ‍ॅक्सिलरेटरवर. गाडीला पुढे जा पण म्हणायचं आणि थांब पण म्हणायचं. आतल्या प्लेटा तापतात, गाडी गोंधळते, गचका देते. आमच्या धंद्यातल्या माणसाचीच चूक आहे ही, म्हणाले, दुसऱ्या कोणाकडून व्हायची नाही.

मी वही पुढे केली. त्यांनी पानं चाळली, शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि ते वरून खाली नेलं. "काकू, सगळीकडे 'हे' आहे," म्हणाले. हळू म्हणाले, पण म्हणाले.

ह्यांचे कान लाल झाले होते. घरी आलो. मी दार उघडत होते तेव्हा म्हणाले, "बरोबर आहे त्याचं. पाय ठेवतोच मी." आणि जरा वेळाने, "पण ते वेगळं. गियर सुटतो ते वेगळं."

मी मनात म्हटलं, झालं! हार मानायची नाही म्हणजे नाही.

५ एप्रिल, रविवार

डाव्या पायाची शाळा सुरू झाली आहे. हे डाव्या पायातला बूट काढतात, पाय मागे घेऊन सीटखाली सारतात आणि मगच गाडी चालू करतात. मी शेजारी बसून पहारा देते. पाय पुढे सरकला की मी नुसतं "अं!" करते. आज चार वेळा "अं" झालं. पाचव्या वेळी म्हणाले, माझ्या विद्यार्थ्यांना मी इतका छळत नव्हतो. मी म्हटलं, विद्यार्थ्यांना विचारून बघते.

खूप हसलो दोघं. ह्या वयात नवीन काही शिकायचं, तेही जे आपण जगाला शिकवलं तेच — सोपं नाही. मला ह्यांचं कौतुक वाटतं. सांगितलं नाही अर्थात, चढून बसतील डोक्यावर.

१२ एप्रिल, रविवार

आठ दिवस एकही गचका नाही. सकाळी लवकर जाऊन येतो, रस्ते रिकामे. फोरमन म्हणाले तेच खरं. चिंगीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, बघ, उगाच कंपनीला शिव्या देत होते बाबा.

१९ एप्रिल, रविवार

चिंगीकडे जेवायला गेलो होतो. परत येताना दुपारची गर्दी, चाळीस मिनिटं हळूहळू सरकत होतो. टाकीच्या चढावर — पुन्हा! गाडी थांबली, घुरघुरली, मागे सरकली, मग गचका. मी ताबडतोब खाली बघितलं. डावा पाय सीटखाली, नुसत्या मोज्यात, जागचा हललेला नव्हता.

मग मी उजव्या पायाकडे बघितलं. पाय थरथरत होता. गुडघ्यापासून खाली, बारीक, पण थरथरत होता. वॉर्डात असे पाय मी शेकडो बघितले आहेत. ह्यांचं लक्ष समोर होतं. म्हणाले, बघ, आज तर डावा पाय नव्हता ना. मी हो म्हटलं.

जीव नुसता टांगणीला लागला आहे. देवा, गाडीच असू दे. गियरबॉक्स असू दे, काय वाट्टेल ते असू दे. पाय नको.

२२ एप्रिल, बुधवार

दुसरी वही सुरू केली. ही ह्यांना दाखवायची नाही. चहाचा कप बशीवर वाजतो का. बटण लावायला किती वेळ. खुर्चीतून उठताना हात टेकतात का. सही कशी आहे. पहिल्याच दिवशी कप दोनदा वाजला.

माझाही वाजतो कधी कधी, खरं म्हणजे. पण मी गाडी चालवत नाही.

१० मे, रविवार

आज जे झालं ते लिहायला हात होत नाही. मोठ्या दुकानाच्या तळघरातलं पार्किंग. वर यायची वळणाची चढण, पुढे रांग. सगळे वीस मिनिटं इंजिन चालू ठेवून उभे. आमची पाळी आली, ह्यांनी ब्रेकवरून पाय काढून अ‍ॅक्सिलरेटरवर दिला आणि गाडी मागे आली. वीत नाही, चांगली दोन हात. मागे एक बाई बाबागाडी घेऊन कडेने चालल्या होत्या. त्या ओरडल्या. ह्यांनी करकचून ब्रेक दाबला. बाबागाडी आणि आमचा बंपर ह्यांच्यात एक हातही अंतर राहिलं नव्हतं.

हे खाली उतरले. त्या बाईंसमोर हात जोडून उभे राहिले. त्यांनी बाळाला उचलून घेतलं आणि नुसत्या बघत राहिल्या ह्यांच्याकडे. म्हातारा माणूस, एवढी मोठी गाडी — डोळ्यांत ते सगळं होतं. मी गाडीतच बसून होते.

घरी आल्यावर म्हणाले, पाय द्यायला उशीर नाही झाला माझा, गाडीने धरलंच नाही. दोनदा म्हणाले. मी पाणी आणून दिलं.

१३ मे, बुधवार

डॉक्टरांकडे जाऊन आलो. नेहमीची तपासणी म्हणून नेलं ह्यांना, मी आधीच फोन करून ठेवला होता. लबाडी केली. डॉक्टरांनी हात पुढे करायला लावले, चालायला लावलं, गुडघ्यावर हातोडी मारली. ह्यांना बाहेर बसवून मला म्हणाले, वयाप्रमाणे थोडा कंप आहे, त्याहून जास्त मला तरी दिसत नाही. मग मी बाबागाडीचं सांगितलं. तेव्हा म्हणाले, असं असेल तर गाडी बंद केलेली बरी.

चिंगी म्हणते, आई, तूच सांग, माझं ते ऐकणार नाहीत.

१७ मे, रविवार

सांगितलं.

गाडी धुऊन झाली होती. फडकी दोरीवर. मी चहा दिला, समोर बसले आणि जे पाठ केलं होतं ते बोलले. की सर्व्हिसवाल्यांनी तीनदा बघितलं. की डावा पाय नसतानाही झालं. की डॉक्टर असं म्हणाले. की त्या बाळाला काही झालं असतं तर आपण दोघं परत कधी जेवलो नसतो. ह्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. मला वाटलं होतं चिडतील, कप आपटतील. चिडले असते तर बरं झालं असतं.

सगळं झाल्यावर म्हणाले, "तुला वाटतं, माझा पाय आहे?"

मी म्हटलं, "हो."

ह्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "फोरमन म्हणाला, मशीन म्हणालं, डॉक्टर म्हणाले. ते जाऊ दे. पण तू रोज शेजारी बसतेस. तू म्हणतेस म्हणजे असेल."

उठले, खिळ्यावरची चावी काढली आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवली. आत जाऊन कपडे बदलले. दोरीवरची फडकी अजून ओली आहेत.

१८ मे, सोमवार

रडले. ह्यांना दिसू दिलं नाही.

३० मे, शनिवार

चिंगी येऊन गाडी घेऊन गेली. नुसती उभी राहून खराब होईल, तू वापर, असं ह्यांनीच सांगितलं. तिला सगळं दाखवलं — हवा किती ठेवायची, कुठलं फडकं कशाला, किती दिवसांनी ऑइल बघायचं. चढावर तापली की जपून, असं म्हणायला लागले आणि मधेच थांबले. म्हणाले, काही नाही, तुझे पाय तरणे आहेत.

गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत गॅलरीत उभे होते. मग आत आले आणि मला म्हणाले, इंडिकेटर उशिरा दिला तिने.

१५ जून, सोमवार

ह्यांनी गॅलरीत उभं राहणं सोडलं आहे. आधी काय होतं! समोर कोणी गाडी वाकडी लावली की हे वरून हातवारे करून सरळ करून घ्यायचे. अनोळखी माणसंसुद्धा मुकाट्याने ऐकायची, त्या आवाजात काहीतरी होतंच तसं. मी किती वेळा म्हटलं असेल की लोक हसतात, आत या. आज समोर एकाने गाडी अशी लावली की दोन गाड्यांची जागा अडली. मी मुद्दाम हाक मारून दाखवली. हे पेपरातून मान वर न करता म्हणाले, लावू दे.

२ जुलै, गुरुवार

माणूस किती पटकन म्हातारा होतो! आज बाजारात फूटपाथवरून उतरताना थांबले, खाली बघितलं, मग पाय टाकला. पिशवी माझ्याकडे दिली. जिन्यात कठडा धरतात. हे सगळं मे महिन्यापर्यंत नव्हतं. मी त्यांना सांगितलं की पाय धड नाही, आणि त्यांनी ते इमानदारीने मानलं — आता प्रत्येक पावलाला पायाची परीक्षा घेतात.

दुसऱ्या वहीत लिहिण्यासारखं रोज काही ना काही असतं आता. पण लिहावंसं वाटत नाही.

१९ जुलै, रविवार

चिंगी येऊन गेली. म्हणाली, गाडी झकास चालते, दीड महिन्यात एकदाही गचका नाही. ह्यांनी ऐकलं आणि नुसतं "छान" म्हटलं. ती गेल्यावर म्हणाले, चला, निदान गाडी तरी चांगली निघाली.

दुपारी मी पहिली वही काढून बसले. का काढली कोण जाणे. सतरा नोंदी. शेवटच्या रकान्यात सतरा वेळा 'हे'. आणि मग माझं मलाच कानाखाली बसल्यासारखं झालं — दुसरं कोण असणार होतं? मला गाडी येत नाही. चिंगीकडे तेव्हा तिची वेगळी गाडी होती. ह्यांच्याशिवाय त्या स्टिअरिंगवर कोणी बसलंच नाही, तर तिथे दुसरं काय लिहिलं जाणार होतं! आणि शेजारचा रकाना — तापलेली, तापलेली, तापलेली. सतराच्या सतरा. त्याच्यावर कोणी बोट ठेवलं नाही. मीही नाही. सर्व्हिसवाल्यांनी दरवेळी गाडी तपासली ती गार, दहा मिनिटं, सपाट रस्त्यावर. चिंगीचं घर ते तिच्या नोकरीचा दवाखाना पंधरा मिनिटं, वाटेत उंचवटासुद्धा नाही.

आणि पायाचं म्हणाल तर — चढावर गाडी मागे सरकली की कोणाचा पाय थरथरणार नाही?

आमच्या मेट्रन सांगायच्या, चार्ट नंतर बघा, आधी पेशंट काय म्हणतो ते ऐका. हे पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट सांगत होते.

ह्यांना हे सांगायला हवं. पण माझा हा पण तर्कच, आणि तो चुकला तर? पुन्हा आशा लावायची, पुन्हा गाडीत बसायचं, आणि मागे पुन्हा बाबागाडी असली तर? फोन उचलून सर्व्हिस सेंटरचा नंबर लावला आणि वाजायच्या आत ठेवून दिला. वही कपाटात ठेवली. भित्री आहे मी. चौतीस वर्षांत कधी नव्हते.

२६ जुलै, रविवार

आजही बोलले नाही. हे वाटाणे सोलत होते, मी शेजारी बसले होते. दोनदा तोंड उघडलं आणि विचारलं काय, तर चहा टाकू का.

६ ऑगस्ट, गुरुवार

अकरा वाजता चिंगीचा फोन. माझे हात ओले होते म्हणून स्पीकरवर टाकला. आवाज रडवेला — "आई, पुलाच्या चढावर अडकलेय. तासभर गर्दीत होते. पाय दिलाय पण गाडी पुढे जात नाही, मागे सरकते. बाबांना सांगू नकोस."

हे समोरच बसले होते. उठले आणि फोन हातात घेतला. "चिंगे, मी आहे. ब्रेक पूर्ण दाब. हँडब्रेक. चारी इंडिकेटर लाव. लावले? आता आरशात बघ आणि मला सांग मागे काय आहे." इतका शांत, इतका ठाम आवाज. अडीच महिन्यांत ह्या घरात तो आवाज नव्हता. तिची गाडी कडेला लागेपर्यंत बोलत राहिले.

फोन ठेवला. मी म्हटलं, "गाडीच होती. मला पंधरा दिवसांपूर्वी कळलं होतं आणि मी बोलले नाही. आणि त्याआधी, मे महिन्यात, मी तुमचं ऐकलं नाही."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "पोरगी रस्त्यावर उभी आहे. आधी तिच्याकडे जाऊ. बाकीचं टॅक्सीत बोल."

बूट घालायला बसले. जिना उतरताना मी पुढे झाले. ह्यांच्या पायांकडे बघायचं नव्हतं मला.